अम्मीच्या मापाचं पिस्तूल

माझ्या अम्मीनं आयुष्यात एकाही बाईचा हात पट्टीनं मोजला नाही. गिऱ्हाईक आमच्या दुकानाच्या पायरीवर टेकायच्या आतच तिची नजर त्या बाईच्या मनगटावरून फिरून आलेली असायची. मग ती हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचा मांसल भाग एकदा दाबून बघायची आणि मागं न वळता माझ्याकडं पंजा पसरून म्हणायची, "सव्वादोन." नाहीतर, "अडीच." मी फळीवरून त्या मापाच्या बांगड्यांची माळ काढून तिच्या पंजावर ठेवायची. तिचं माप चुकलेलं मी पाहिलं नाही. उलट दुसऱ्या कुणाचं चुकलेलं माप तिला बघवायचं नाही. लग्नात जेवायला बसल्यावर समोरच्या बाईच्या हातात सैल बांगड्या खाली-वर घसरताना दिसल्या, की हिचा घास हातातच राहायचा. "कुणी भरल्या गं ह्या?" असं ती भर पंगतीत विचारायची, आणि अब्बा मान खाली घालून दालचा ओरपत बसायचे.

आम्ही शिरूरचे मणियार. पुढं दुकान, मागं एक लांबट खोली, आणि दोन्हीकडं काच. खाटेखाली काच, माळ्यावर काच, ईदच्या शेवयांच्या डब्याशेजारी काच. सकाळी अब्बा नव्या आलेल्या पेट्या सोडून बांगड्या निवडायला बसले, की किणकिण सुरू व्हायची, आणि ती थांबली म्हणजे जेवायची वेळ झाली असं मला अंगवळणी पडलेलं होतं. घरात आम्ही आमची दखनी बोलायचो. पण अम्मीचा सगळा दिवस गिऱ्हाइकांत जायचा, त्यामुळं तिला राग आला की तो मराठीतच यायचा. बाजारच्या दिवशी शिरूर, एरवी पाटी डोक्यावर घेऊन मांडवगण फराट्यापर्यंतची गावं. तिचे काही नियम होते आणि ते ती नमाजाइतक्याच निष्ठेनं पाळायची. एकदा हातात घेतलेला हात भरून होईपर्यंत सोडायचा नाही, मग दारात कुणीही येवो. आणि एक हात भरून दुसरा मोकळा कधीच ठेवायचा नाही. भरायचे तर दोन्ही, नाहीतर राहू द्यायचं.

तिची एक युक्तीही होती. बांगडी पेरांवर येऊन अडली, की बाई हात आखडते. नेमक्या त्याच क्षणी अम्मी अगदी सहज विचारायची, "माहेर कुठलं म्हणायचं तुमचं?" बाई म्हणायची, "इनामगाव," आणि माहेराच्या नावानं तिचा हात इतका सैल पडायचा की बांगडी कधी आत गेली हे तिचं तिला कळायचं नाही. मग ती चकित होऊन मनगटाकडं बघायची, आणि अम्मी तोवर दुसरी बांगडी हातात घेऊन तयार. हल्ली माझ्या दुकानात मुली मोबाइल पुढं करतात. कागदावर बांगडी ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवलेली असते, त्याचा फोटो. मी फोटो बघते, हसते, आणि म्हणते, "बाळा, जरा हात दे."

पिस्तुलाशी माझी गाठ पडली ती उरुसात. दौंडला माझी खाला, म्हणजे मावशी, राहायची, तिचे यजमान खालू रेल्वेत होते, आणि दरवर्षी उरुसाला मी चार दिवस तिच्याकडं असायची. बारावी झाली त्या वर्षी मी फुगे फोडायच्या बंदुकीच्या ठेल्यापुढं उभी राहिले आणि अकरा छऱ्यांत अकरा फुगे फोडले. बाराव्या छऱ्याला फुगेवाल्यानं हात जोडले. "बास कर माय, मला बी पोट हाय." माझ्या मागं पांढऱ्या मिशांचा एक उंच म्हातारा फुटाणे खात उभा होता. ते आप्पा. पोलिसात असताना त्यांनी अर्धं आयुष्य पोरांना गोळीबार शिकवण्यात घातलं होतं, आणि निवृत्तीनंतर दौंडच्या बाहेर नदीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नेमबाजीचा छोटा क्लब चालवत होते. ते तसेच खालाच्या घरापर्यंत आमच्याबरोबर आले आणि खालूंना म्हणाले, "पावणं, ह्या पोरीचा हात हलत न्हाई. हिला शनिवार-रविवार माझ्याकडं धाडा. आपुन हिला खेळवू."

अब्बांनी लगेच होकार दिला. त्यांना पेपरातलं खेळाचं पान तोंडपाठ असायचं. घरातच कुणी खेळाडू निघतंय म्हटल्यावर ते हवेत चालायला लागले. अम्मी मात्र फुगली. सगळ्यांना वाटलं, बंदूक म्हणून रागावली. तिचा राग बंदुकीवर नव्हता, मोकळ्या हातावर होता. आप्पांची सक्त ताकीद होती, नेमाच्या हातात दोरासुद्धा चालणार नाही. आणि अम्मीच्या नियमानं एकच हात भरता येत नव्हता. म्हणजे मणियाराची पोरगी दोन्ही हातांनी भुंडी. पायरीवर बसलेल्या बाया मुद्दाम विचारायच्या, "का वं भाभी, एवढ्या दुकानात पोरीच्या मापाची बांगडी न्हाई व्हय?" त्या दिवशी माझ्या ताटात भाकरी जरा जोरात पडायची.

छऱ्याच्या पिस्तुलावर मी वर्षभर हात बसवला आणि आप्पांनी सांगितलं की आता ही पॉइंट टू-टू चालवायला तयार आहे. म्हणजे बारीक गोळीचं खरं पिस्तूल, पंचवीस मीटरवरचा कागद. दिवाळीनंतर जिल्ह्याच्या संघाची निवड आमच्याच रेंजवर होणार होती, आणि संघातून पुढं राज्याच्या स्पर्धेला जायला मिळणार होतं. ते ऐकून अम्मीनं एका रात्री जेवणं झाल्यावर निकाल देऊन टाकला. "ह्या बारीला नाव आलं तर जा खुशाल. न्हाई आलं, तर दोन्ही हात भरायचे आन् पायरीवर बसायचं. माळा काढून द्यायला कुणीबी मिळतंय. मला हात धरणारं माणूस पायजे." अब्बांनी माझ्याकडं पाहिलं, मी अब्बांकडं. माझा हात अम्मीसारखा आहे, हे तिनं पहिल्यांदाच कबूल केलं होतं, आणि तेही मला घरी बसवण्यासाठी. मला दुकानाची लाज नव्हती. पण त्या शेडमध्ये उभं राहून श्वास धरला की मी कुणाची मुलगी, कुणाची होणारी सून, हे सगळं त्या काळ्या गोलाच्या बाहेर राहायचं. ते सुख सोडायची कल्पनाही मला सहन होत नव्हती.

क्लबाच्या लायसनवर तीन पिस्तुलं होती. आप्पा ती लोखंडी पेटीतून काढून सतरंजीवर मांडायचे. त्यांच्याकडं एक लाल कापडाची वही होती. वर्षाच्या सुरुवातीला कुणी कुठलं पिस्तूल चालवायचं ते त्या वहीत लिहिलं जायचं आणि मग वर्षभर तेच. "पिस्तूल म्हंजी लगीन हाय," ते म्हणायचे, "दर आठवड्याला नवं करायचं न्हाई." छऱ्याच्या पिस्तुलावर माझे गुण सगळ्यांत जास्त, म्हणून निवडायचा पहिला मान माझा. पहिलं होतं नवं कोरं, परदेशी. अक्रोडाच्या लाकडाची जाडजूड मूठ, तिला बोटांच्या खाचा, खाली तळवा टेकायला फळी. दुसरं लांब नळीचं आणि इतकं जड की दहा मिनिटांत खांदा भरून यायचा. तिसरं जुनाट. निळा मुलामा उडालेला, मूठ चपटी आणि पातळ, नळीवर ओरखडे. त्याला पोरं 'म्हातारी' म्हणायची आणि नवख्यांना शिकवण्यापलीकडं कुणी हात लावायचं नाही.

मी नव्यावर बोट ठेवलं. आता खोटं कशाला बोलू, ते मी त्याच्या चकाकीसाठी घेतलं. मागं चार मुलं उभी होती, त्यातल्या दोघांचा त्याच पिस्तुलावर डोळा होता, आणि ती कशी हिरमुसतात ते मला बघायचं होतं. ती हिरमुसली. आप्पांनाही माझी निवड पसंत पडली. त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं, आणि मी त्या अक्रोडाच्या मुठीत हात घातला. लहान मुलीनं आईच्या चपलेत पाय घालावा, तसा तो आत गेला. मला वाटलं, सवय होईल.

सवय झाली नाही. माझ्या गोळ्या डावीकडं जायला लागल्या. उगाच इकडं-तिकडं विखुरल्या असत्या तर समजलं असतं. पण त्या सगळ्या मिळून, शिस्तीत, काळ्या गोलाच्या डावीकडं जाऊन बसायच्या. आप्पांनी नळीवरची नेम धरायची माशी सरकवून पाहिली. दोन दिवस बरं गेलं, मग गोळ्या पुन्हा डावीकडं. आप्पांचं मत झालं की मी भितेय. "डोळं मिटतीस तू." मी मिटत नव्हते. मग त्यांनी नळीवर रुपयाचं नाणं ठेवून रिकामा चाप ओढायला लावलं, नाणं पडता कामा नये. नाणं पडायचं नाही, आणि गोळ्या मात्र डावीकडंच. शेवटी ते वैतागून म्हणाले, "जेवतीस का न्हाई नीट?" मी घरी येऊन सांगायची, झकास चाललंय. अब्बा खूष व्हायचे. अम्मी मात्र माझ्या उजव्या हाताकडं बघायची, कारण तर्जनीच्या मुळाशी एक लालभडक घट्टा पडायला लागला होता.

निवडीला महिना उरला असताना खालाच्या शेजारी लग्न निघालं आणि बांगड्या भरायला अम्मीलाच बोलावणं आलं. रविवारी सकाळी नवरीचा चुडा भरून झाला. खालानं माझा डबा अम्मीच्या हाती दिला आणि रेंजवर पोचवायला सांगितलं. मी पाच गोळ्या मारून पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवत होते, तेवढ्यात मागून किणकिण ऐकू आली. डोक्यावर पाटी, हातात डबा, पदर खोचलेला, अशी अम्मी बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या पलीकडं उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं डबा खाली ठेवला, पाटी उतरवली आणि सरळ आप्पांपुढं आली.

"आप्पा, हे हिला कुणी दिलं?"

"तिनंच घेतलं, भाभी. एक नंबर पिस्तूल हाय. चूक पोरीची हाय, पिस्तुलाची न्हाई."

अम्मीनं माझा उजवा हात ओढून घेतला. अंगठ्याखाली दाबलं, घट्ट्यावरून बोट फिरवलं. "घे बरं त्ये परत हातात." आप्पांनी पिस्तूल उघडून रिकामं असल्याचं पुन्हा पाहिलं आणि मान हलवली. मी मूठ धरली. अम्मीनं डोळे मिटले आणि माझं एकेक बोट चाचपत गेली, पायरीवर बसून गिऱ्हाइकाचं चाचपायची अगदी तशी.

"हिचं बोट पोचत न्हाई," ती म्हणाली. "चापाला निस्तं टोक लागतंय. ते लावायला म्हणून ही सगळी मूठ फिरवून धरती. हात हिकडं, नळी तिकडं. चाप वढला की ढकलला जातोय. सव्वादोनचा हात हाय आप्पा हा. ही मूठ अडीचच्या हाताची. लोंबतोय हात हिच्यात."

मागची मुलं हसायला लागली. आप्पाही मिशीत हसले. "भाभी, पिस्तूल हाय ह्ये. बांगडी न्हवं."

"हात तर त्योच हाय न्हवं?" अम्मी म्हणाली.

अम्मीनं उघड्या पेटीकडं हात केला आणि आप्पांनी, कदाचित गंमत म्हणून, उरलेली दोन्ही सतरंजीवर ठेवली. जड पिस्तूल माझ्या हातात दिल्याबरोबर तिनं नाक मुरडलं. मग 'म्हातारी' दिली. अम्मीनं पुन्हा डोळे मिटले. बोटं चाचपली, मनगट हलवून पाहिलं, तर्जनी चापावर कुठं टेकते ते आपल्या नखानं तपासलं. आणि आप्पांकडं वळून, फळीवरची माळ मागायच्या सुरात म्हणाली, "ह्ये."

"ते नवशिक्यांचं हाय, भाभी."

"पाच गोळ्या मारू द्या. न्हाई बसलं तर मी ह्या पोरीला आत्ताच घरी घिऊन जाते. आजच."

महिनाभराची मुदत तिनं एका दमात पाच गोळ्यांवर आणून ठेवली होती. मी उभी राहिले. ते पिस्तूल हातात आहे हे मला जाणवेचना. नुसतं बोट लांब केलं आणि समोर कागद. पाच गोळ्या मारल्या. आप्पांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग त्यांनी दुर्बिणीची जागा मला दिली. पाचही छिद्रं काळ्यात होती, त्यातली तीन इतकी जवळ की एका टिकलीखाली झाकली गेली असती. मी ओरडलेच. आप्पांनी लाल वही उघडली, माझ्या नावापुढचं खोडलं आणि नवीन लिहिलं. इतक्या वर्षांत त्या वहीत ती पहिली खाडाखोड होती. "पस्तीस वर्षं पोरं शिकवली म्या," ते अम्मीला म्हणाले, "पर हात बघायचा ऱ्हायलाच."

परतीच्या एसटीत मी अम्मीला बिलगायला गेले, तर तिनं मला कोपरानं दूर केलं. "तुझ्या बाजूनं न्हाई बोलले मी. माप चुकलं व्हतं म्हणून बोलले." इनामगाव आलं तेव्हा तिनं खिडकीतून बोट दाखवलं. तिथं उकरलेल्या जुन्या वस्तीत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे सापडले होते म्हणे, आणि तेव्हापासून हे गाव आलं की ती ताठ बसायची. "बघ, तवाबी कुणीतरी माप घेतच असंल," असं म्हणून ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपी गेली. पाटीतल्या बांगड्या शिरूरपर्यंत किणकिणत होत्या.

निवडीच्या दिवशी अब्बांनी दुकान बंद ठेवलं, जे ते फक्त ईदला ठेवायचे. अम्मी पाटी घेऊनच आली. रेंजच्या बाहेर कडुलिंबाखाली तिनं बैठक मांडली आणि बघता बघता स्पर्धकांच्या आया, बहिणी तिच्याभोवती गोळा झाल्या. तिनं आत डोकावूनही पाहिलं नाही. अब्बा मात्र दोरीला चिकटून उभे होते आणि त्यांचे ओठ सारखे हलत होते. पाच-पाच गोळ्यांच्या सहा फेऱ्या, आणि संघात यायला तीनशेपैकी दोनशे साठ गुण हवे होते. 'म्हातारी' बघून बाहेरगावची एक मुलगी आपल्या सरांच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघं हसले. मला त्याचं काहीच वाटलं नाही. पाच फेऱ्या झाल्या तेव्हा माझे दोनशे पंधरा होते. शेवटच्या फेरीत पंचेचाळीस हवे होते.

नऊ. नऊ. दहा. मग आठ. दुर्बिणीत आठ दिसलं आणि माझा हात आखडला. शेवटच्या गोळीला नऊ तरी हवेच होते. मी पिस्तूल उचललं, खाली ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. वेळ संपत आला होता. कानांवर आवाज अडवणारे मफ होते, बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. पण आमच्या पायरीवर बसलेल्या एका मुलीच्या पेरांवर बांगडी अडलीय आणि ती मुलगी मीच आहे, हे मला स्वच्छ दिसलं. तिसऱ्यांदा हात उचलला, बोट चापावर टेकवलं आणि मीच मला अम्मीच्या आवाजात सहज विचारलं, माहेर कुठलं म्हणायचं तुमचं? शिरूर, मी मनात म्हणाले. पायरी दिसली, फळी दिसली, खाटेखालची काच दिसली. गोळी कधी सुटली ते मला कळलंच नाही.

दहा होते. दोनशे एकसष्ट. अब्बांनी दोरी ओलांडली, जे नियमात बसत नव्हतं, आणि आप्पांनी त्यांना अडवलं नाही, जे त्याहून बसत नव्हतं. आप्पांनी माझ्या डोक्यावर इतक्या जोरात हात ठेवला की मान दुखली. मी बाहेर पळाले. "अम्मी! आलं नाव! अम्मी!"

अम्मीच्या हातात एका म्हाताऱ्या बाईचा हात होता आणि चार बांगड्या भरायच्या राहिल्या होत्या. "थांब," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "हात हातात हाय." आणि मी थांबले. जिल्ह्याच्या संघात निवड झालेली मी, तिच्या पाटीशेजारी उकिडवी बसून एकेक बांगडी चढताना बघत राहिले. त्या चार बांगड्यांना तिनं इतका वेळ कधीच लावला नसेल. भरून झाल्यावर त्या बाईनं वाकून नमस्कार केला, अम्मीनं दुवा दिली, पदरानं डोळे पुसले आणि मग माझ्याकडं वळली.

"हात दे."

मी दोन्ही पुढं केले. तिनं पाटीच्या तळातून कागदात गुंडाळलेली एक माळ काढली. हिरव्यागार, सोनेरी कड असलेल्या, सव्वादोन मापाच्या. मला न सांगता कधी ठेवल्या होत्या देव जाणे. तिनं माझा डावा हात घेतला आणि डझनभर बांगड्या भरल्या, एकही अडली नाही. मी उजवा पुढं केला. तिनं तो घेतला, अंगठ्याखाली दाबलं, तर्जनीवरचा जुना घट्टा आता बराच विरलाय हे बोट फिरवून पाहिलं. मग तो तसाच माझ्या मांडीवर ठेवून दिला आणि उरलेली माळ कागदात गुंडाळली. भोवतीच्या बाया बघत राहिल्या. त्यातल्या एकीनं विचारलंही, "भाभी, एकच हात भरला व्हय?"

"एकच," अम्मी पाटी उचलत म्हणाली. "त्या हाताला काम हाय."